पिरेअस ते इराक्लिओ, रात्रीची बोट: समुद्र सोपा, धक्का अवघड

अथेन्सचं बंदर म्हणजे पिरेअस, आणि इराक्लिओ हे क्रीट या ग्रीक बेटावरचं शहर. ‘पिरेअसला मेट्रोतून उतरलं की समोरच बंदर’ असं जो तो सांगतो. बंदर समोरच आहे हो, पण तुमची बोट तिथे नाही! या बंदराला ई-१ ते ई-१२ अशी फाटकं आहेत. स्थानकाजवळच्या ई-६, ई-७ कडून पारोस, नाक्सोस, सांतोरिनी या बेटांच्या बोटी सुटतात. क्रीटच्या बोटी लागतात ई-२, ई-३ ला, म्हणजे बंदराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला. जुलैच्या उन्हात, मालट्रकांच्या मधून, बॅग ओढत दीडेक किलोमीटर. मांडव्याच्या लाँचसारखं ‘उतरलो, रांगेत लागलो’ असं इथे काही नसतं.

स्थानकाबाहेर टॅक्सीवाले टपलेलेच असतात. आमच्याकडे बघून एकाने जाहीर केलं, “आतली बस आज बंद.” वर वीस युरो मागितले आणि मीटर टाकलाच नाही. बायको हुज्जत घालत होती तोवर पाच मिनिटांत ई-२ आलं, आणि आमच्या मागोमाग तीच ‘बंद’ बस येऊन थांबली. फुकट! स्थानकासमोरचा मोठा रस्ता ओलांडून बंदराच्या आत शिरा, तिथे ही बस मिळते. टॅक्सीवाला काहीही बोलला तरी आधी आत जाऊन स्वतः बघा. विमानतळावरून येणाऱ्यांनी तर टॅक्सीचं नावच काढू नये. २०२२ पासून निळी मेट्रो थेट पिरेअसपर्यंत येते, आणि एक्स-९६ बस रात्रभर चालते.

फाटकाचा नंबर त्याच दिवशी पुन्हा तपासा. उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा वारा जोरात सुटला की बोटी सोडायला बंदी येते आणि त्या थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीची बोट घेऊ नका.

बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि साधारण नऊ तासांत पोचते. डेकचं तिकीट, म्हणजे ठरलेली जागा नाही, मिळेल तिथे टेका, स्वस्त असतं, पण माझं ऐकाल तर घेऊ नका. सोफे लवकर आलेल्यांनी पाय पसरून बळकावलेले असतात, जाणकार ग्रीक मंडळी जमिनीवर चटया टाकून घोरतात आणि एसी हाडं गोठवतो. नंबरवाली खुर्चीही रात्रभर टोचते. चार जणांच्या केबिनमधली एक खाट मिळते, बायका-पुरुष वेगळे. तीच घ्या. डेकवरच जायचं असेल तर शाल आणि कानटोपी हवीच, हसू नका. खाणं सोबत न्या, बोटीवरचं महाग आणि बेचव.

मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर, कुलूप नसलेल्या फळ्यांवर ठेवतात. पासपोर्ट, पैसे, औषधं वर घेऊन जा.

पहाटे दारं बडवून उठवतात. सहाला तुम्ही इराक्लिओच्या धक्क्यावर, आणि हॉटेलची खोली दुपारपर्यंत मिळत नाही. इथे मात्र टॅक्सी लागत नाही. पंचवीस ऑगस्ट रस्त्याने चालत सिंहांच्या कारंज्यापाशी या आणि गरम बुगात्सा (आत सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री) खा. झोप उडते! क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांकडे शहर बस नंबर २ जाते, दहाच्या आत पोचा. पुढे क्रीटमधल्याच हानिया शहराला जायचं असेल तर बस स्टँड बंदराजवळच आहे. परतीला हानियाहून बोट धरणार असाल तर ती शहरातून नाही, सात किलोमीटरवरच्या सुदा बंदरातून सुटते. तिथेही कोणीतरी ‘बस बंद’ म्हणेलच.