पऱ्हाटीच्या पानातला २१ अक्षरांचा तुकडा: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला तो घरचाच. पावसानं खंड दिला की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पानात मायक्रोआरएनए-१६९ हा जनुकांना आवर घालणारा आरएनएचा बारका तुकडा कमी होतो का? अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात तो कमी होतो हे २००८ मध्येच दाखवलं गेलं होतं. तिथं हा जेमतेम २१ अक्षरांचा (आरएनएच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर) तुकडा एनएफवायए५ जनुकाच्या मेसेंजर आरएनएला, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएला, जुळून बसतो आणि आर्गोनॉट प्रथिन तो मेसेंजर जुळलेल्या जागी कापतं. दुष्काळात तुकडाच कमी झाला की मेसेंजर वाचतो, प्रथिन तयार होतं आणि पानातून पाणी कमी उडतं.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू. बाबांनी विहिरीजवळची पऱ्हाटीची चार तासं (ओळी) ओलिताला घेतली, बाकीची तशीच ठेवली. पान तोडलं की आरएनए तुटायला लागतो, ते तिथंच गोठवावं लागतं. गावात द्रव नायट्रोजन कुठून आणायचा? मग आठवलं, जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या त्यातच असतात, उणे १९६ अंशांवर. डॉक्टरांनी एक जुनं कंटेनर भरून दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बाबा धुऱ्यावरून पाहत होते. "पानायले थंडी वाजवून काय भेटते वं?"

लॅबमध्ये खरी परीक्षा सुरू झाली. आरएनए वेगळा काढायच्या नेहमीच्या ट्रायझॉल द्रावणानं तपकिरी चिकट गोळा हाती आला. कापसाच्या पानात पॉलिफिनॉल भरपूर, पेशी फुटली की ती काळवंडतात आणि आरएनएला धरून बसतात. सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या बफरमध्ये पॉलिफिनॉल आवरणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घातली, ६५ अंशांवर ठेवलं, तेव्हा कुठं तो रंग गेला. पुढं लिथियम क्लोराइडनं आरएनए खाली बसवला. पांढरा स्वच्छ साका, जेलवर दोन ठळक पट्टे, म्हणजे आरएनए शाबूत. मी खूश. पण मायक्रोआरएनएचं पीसीआर (तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो मोजायची पद्धत) लावलं की काहीच नाही. तीन आठवडे प्रायमर, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, बदलत राहिले.

चूक प्रायमरची नव्हतीच. लिथियम क्लोराइड लांब आरएनए खाली बसवतं, बारके तुकडे बहुतेक वरच्या पाण्यात राहतात. आणि ते पाणी मी रोज बेसिनमध्ये ओतत होते! त्या रात्री जेवण गेलं नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर, असं फार वाटलं, म्हणून इथं लिहिते आहे. लिथियमची पायरी गाळा. सोडियम अ‍ॅसिटेट आणि इथेनॉल घालून रात्रभर उणे २० अंशांवर ठेवा, आणि १५ टक्क्यांच्या युरिया जेलवर बारके तुकडे दिसतात का ते आधी बघा.

एवढ्या आखूड तुकड्यावर साधा प्रायमर बसत नाही, म्हणून स्टेम-लूप, म्हणजे स्वतःवरच दुमडलेल्या, प्रायमरनं तो आधी लांब करून घेतला. यू६ या तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या बारक्या आरएनएच्या मानानं कोरडवाहू तासांच्या तिन्ही नमुन्यांत सिग्नल उशिरा आला, म्हणजे तुकडा कमी. एकाच हंगामाचं, एकाच वावराचं हे मोजमाप आहे, त्यावरून मोठा दावा मी करणार नाही.

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या साली नाल्याकडची पानं घेजो. तिथं बरड हाये, पऱ्हाटी आठ दिस आधीच मान टाकते."