आमची वाटचाल: स्टेजपासून कोठीपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला बसस्टँडपासून थोडं आत आमचा 10 बाय 12 चा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि सीझनमध्ये लग्नाच्या ऑर्डरी, हा आपला धंदा. 2015 ला सुरू केला तेव्हा बाबांनी सोयाबीनच्या पैशातून निकॉनचा डी 5300 घेऊन दिला होता, सोबत किटची 18-55 लेन्स. आता सीझनला 20-25 लग्नं होतात, दोन पोट्टे हाताखाली आहेत, आणि नवीन पोरं येऊन विचारतात की भाऊ फोटो चांगले यायला काय करावं लागते, म्हणून लिहून राहिलो.

पहिली दोन वर्षं आपल्या ऑर्डरी कमी आणि यवतमाळच्या एका मोठ्या स्टुडिओसाठी एक्सपोजिंग, म्हणजे त्यांच्या ऑर्डरीचे फोटो रोजीनं काढून देणं, जास्त. दिवसाचे 1200 मिळायचे, शेवटची गाडी चुकली तर मांडवातच गादीवर झोपायचं. काम ठरलेलं, स्टेजसमोर उभं राहायचं आणि आहेर देणाऱ्या एकेकाचा फोटो घ्यायचा, एकही सुटला नाही पाहिजे. हात चांगला बसला त्यानं, मी नाही म्हणत नाही, पण डोळे स्टेजलाच चिकटून राहिले.

2017 च्या मे मध्ये दिग्रसकडच्या एका गावात स्वतःची पहिली मोठी ऑर्डर भेटली. पत्रिकेत मुहूर्त 11 चा, लग्न लागलं दीड वाजता, डोक्यावर ऊन आणि मांडवावर हिरवी नेट. हिरव्या नेटखाली माणसाचा चेहरा हिरवट येतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं बरं दिसत होतं. स्टेजवर तर मागून बाजूनं लाल-गुलाबी पडदे, मी फ्लॅश पडद्याकडे वळवून मारला की उजेड मऊ पडेल, पण लाल कपड्यावरून उजेड लालच परत येतो, अर्ध्या वऱ्हाडाची तोंडं लाल झाली. जेपीजी मध्ये काढले होते, त्यात कॅमेरा रंग पक्के करून टाकते, म्हणून नंतर दुरुस्तही नीट झाले नाही. तेव्हापासून रॉ मध्येच काढतो, म्हणजे कच्ची फाइल, रंग नंतर नीट करता येतात, नेटखाली गेलो की एखाद्या आबाजीची पांढरी टोपी पाहून तिच्यावर व्हाइट बॅलन्स सेट करतो, म्हणजे पांढरं ते पांढरंच यावं, आणि फ्लॅश पडद्यावर न मारता स्टँडवर पांढरी छत्री लावून ट्रिगरनं, म्हणजे वायरशिवाय दुरून, चालवतो. आणखी एक, रात्रीच्या रिसेप्शनला स्टेजच्या एलईडी लाइटीनं फोटोत काळे पट्टे येतात, आपल्याकडे लाइन 50 हर्ट्झची आहे, शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. हे मला कोणी सांगितलं असतं तर एक सीझन वाचला असता.

पण खरी चूक रंगाची नव्हतीच. अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरी माहेरी आली होती, 12 बाय 36 इंची करिझ्मा अल्बम (फोटो पानावरच छापलेला) बाजेवर ठेवून सगळे बसले, तिनं शेवटपर्यंत पानं पलटवली, परत पहिल्यापासून पलटवली आणि म्हणे, "भाऊ, माह्या मायचा एकबी फोटो नाही काहून?" माय तिथंच चहा घेऊन उभी होती, ती म्हणे, "असू दे वं, मी कुठी होती स्टेजवर."

घरी येऊन हार्ड डिस्क लावली. 2380 फोटो. त्यात ती माय तीन फोटोत, दोनमध्ये पाठमोरी आणि एकात नुसता हात, हिरव्या बांगड्या आणि साड्यांची पिशवी. पूर्ण दिवस ती कोठीत होती. कोठी म्हणजे घरातली ती खोली जिथं आहेराच्या साड्या, टोप्या, दुपट्टे, बुंदीची टोपली सगळं कुलपात राहते आणि चावी नवरीच्या मायच्या कमरेला. लग्न तिच्या पोरीचं, आणि माझ्या कॅमेऱ्यात ती नव्हती. त्या रात्री मले झोप आली नाही, आणि मी अजूनही मानतो की माझं शिकणं त्या रात्री सुरू झालं.

आता ऑर्डर घेतली की दोन दिवस आधी घरी चक्कर मारतो, कॅमेरा न घेता. वहीत लिहितो, मामा कोण, आत्या किती, मोठी आई कोणती, कोणाला स्टेज चढवत नाही. घरातली एक चुलत बहीण किंवा लहान भाऊ दिवसभरासाठी मागून घेतो, तो बोट दाखवते की हे आमचे लहाने बाबा. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी पह्यले कोठीत जातो. तिथं खिडकी एकच असते, पण त्या एका खिडकीच्या उजेडासारखा उजेड हजारोच्या लाइटीतून येत नाही, 35 ची 1.8 लेन्स लावायची, ती कमी उजेडातही चालते, फ्लॅश बंद, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची सेटिंग, 1600 गेला तरी घाबरायचं नाही.

आमच्याकडे बौद्ध पद्धतीची लग्नंही खूप होतात, तिथं वेगळंच शिकावं लागलं. नवरा-नवरी बहुतेक पांढऱ्या कपड्यात, स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, समोर मेणबत्त्या. इतकं पांढरं पाहून कॅमेरा आपोआप फोटो अंधारा करते आणि चेहरे काळे पडतात, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं वर घ्यायचं. आणि त्रिशरण पंचशील चालू असताना जागा सोडायची नाही, लोकं हात जोडून उभे असतात आणि मधून आपण फिरून राहिलो हे मला बरोबर वाटत नाही.

2019 ला डी 7200 सेकंडहँड घेतला, त्यात दोन चिप (मेमरी कार्ड) लागतात, एक बिघडली तरी दुसरीत फोटो ठेवता येतात. त्याआधी एकदा एक चिप लग्नातच करप्ट झाली होती, हळदीचे निम्मे फोटो गेले, त्या घरचे 6000 रुपये मी परत केले. त्यावर जास्त लिहवत नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाचा नियम आला, 25 माणसं आणि 2 तासात लग्न. धंदा बसला हे खरं, मिक्सिंगवाल्याचे (व्हिडिओ जोडून देणाऱ्याचे) पैसे कापूस विकून दिले. पण त्या छोट्या लग्नांत स्टेजच नसायचं, अंगणात अंतरपाट, मी नवरीपासून चार हातावर. तिथं समजलं की अक्षता पडतानाचा फोटो दोन वेळा भेटत नाही, म्हणून शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की अंतरपाटाच्या बाजूला जागा पकडायची, दोघांचीही तोंडं दिसली पाहिजे, आणि "सावधान" च्या आधीच बोट बटनावर.

गिऱ्हाईक आता ड्रोन मागते, प्री-वेडिंग मागते, देतो आम्ही, पण ज्याचं बजेट कमी आहे त्याला मी सरळ सांगतो की ड्रोन सोडा, अल्बमची चार शीट वाढवा.

मागच्या सीझनला दिग्रसकडच्या त्याच घरून धाकटीच्या लग्नाची ऑर्डर आली. फोन मायनंच केला, पैसे कापूस गेला की देतो म्हणे, मी हो म्हटलं. सकाळी सातला कोठीत गेलो तर ती खाली बसून साड्यांवर चिठ्ठ्या टाचून राहिली होती, टाचण्या ओठात, मांडीवर आहेराची यादी. तिनं वर पाहिलं, टाचण्या काढल्या आणि पदर सावरायला लागली. मी म्हटलं, काकू तसंच राहू द्या. तो फोटो अल्बमच्या पहिल्या शीटवर पूर्ण 36 इंचात लावला.