घड्याळ, वजन आणि वळण: ड्राफ्टआधी बचावपटूंचे आकडे कसे वाचावेत

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचं कम्बाइन, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या शारीरिक चाचण्यांचा मेळावा, भरतं आणि एप्रिलच्या शेवटी होणाऱ्या ड्राफ्टपर्यंत, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीपर्यंत, सगळीकडे एकच आकडा फिरत राहतो: ४० यार्डांची वेळ. बचावफळीतल्या खेळाडूंच्या बाबतीत, विशेषतः एज रशर (बचावरेषेच्या टोकावरून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) आणि डिफेन्सिव्ह टॅकल (रेषेच्या मधोमध उभा राहणारा) यांच्या बाबतीत, हा आकडा सगळ्यात जास्त गाजतो आणि एकटा वाचला तर सगळ्यात कमी सांगतो. ४० यार्ड म्हणजे साधारण ३६.६ मीटर. पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, एका डावात, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंत, इतकं सरळ रेषेत क्वचितच धावतो. त्याच्या हातात असतात जेमतेम अडीच सेकंद. तेवढ्यात पहिल्या दोन-तीन पावलांत झेप घ्यायची, समोरून अडवणाऱ्या टॅकलच्या (आक्रमणाच्या रेषेतल्या टोकाच्या खेळाडूच्या) खांद्याला वळसा घालायचा आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं.

म्हणून एज रशरचा कागद हातात आला की पूर्ण ४० च्या आधी पहिल्या १० यार्डांची वेळ बघा. १.६० सेकंद किंवा त्याखाली असेल तर झेप उत्तम. १.६५ च्या आसपास चालून जातं. १.७० च्या वर गेली, तर २५५ पौंडांच्या खेळाडूला टोकावरून वेगाने मात करणं अवघड जाईल आणि त्याच्याकडे ताकदीचा किंवा हातांचा दुसरा मार्ग असायलाच हवा. डिफेन्सिव्ह टॅकलसाठी मोजपट्टी वेगळी: ३०० पौंडांच्या माणसाने १.७० ला १० यार्ड गाठले तर ते कौतुकाचं. ४० ची वेळ चांगली पण पहिले १० यार्ड मंद, असा खेळाडू मोकळ्या मैदानात छान पळतो, पण रेषेवर त्याचा फायदा होत नाही.

दुसरी गोष्ट वजन. वेळ वजनाशिवाय वाचली की निम्मी माहिती हातातून निसटते. यासाठी स्पीड स्कोअर नावाचं एक सोपं सूत्र आहे: वजन पौंडांत घ्या, २०० ने गुणा आणि ४० च्या वेळेच्या चौथ्या घाताने भागा. हे मुळात रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसाठी, तयार झालं, पण बचावफळीच्या पुढच्या रांगेलाही चांगलं लागू पडतं. २०१४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अॅरन डॉनल्डने २८५ पौंडांवर ४.६८ ची वेळ दिली. स्कोअर येतो ११९ च्या जवळ. २०१७ मध्ये टेक्सस ए अँड एमच्या माइल्स गॅरेटने २७२ पौंडांवर ४.६४ दिली, स्कोअर ११७. २०२२ मध्ये जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंडांचा असूनही ४.७८ मध्ये धावला. स्कोअर १३१ च्या आसपास. नुसती वेळ पाहिली तर डेव्हिस या तिघांत मागचा, वजन धरलं की सगळ्यांच्या पुढे.

पण इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. ही चाचणी एकाच झपाट्याची ताकद मोजते, दम मोजत नाही. ३४१ पौंडांचा माणूस एका सामन्यात किती डाव सलग उभा राहील हे कम्बाइनमध्ये कुठेच कळत नाही. त्यासाठी कॉलेजच्या सामन्यांत तो किती डाव मैदानावर होता आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याची पावलं कशी पडत होती, हे टेपवरच, म्हणजे सामन्यांच्या चित्रीकरणातच, पाहावं लागतं. डेव्हिसच्या बाबतीत ड्राफ्टपूर्वीची खरी चर्चा याच मुद्द्यावर होती, आणि ती रास्त होती.

आता माझ्या मते एज रशरसाठी सगळ्यात मोलाची चाचणी: थ्री-कोन. तीन शंकू काटकोनात, एकमेकांपासून ५ यार्डांवर. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, रेषेला हात लावून परत यायचं, मग पुन्हा दुसऱ्याकडे जाऊन त्याच्या बाहेरून वळायचं, तिसऱ्याला आतून फेरी मारायची आणि दुसऱ्याला बाहेरून वळसा घालून सुरुवातीच्या जागी परत. एकूण ३० यार्ड. खो-खोत खांबाला वेगात वळसा घालणारा खेळाडू आठवा: शरीर आत झुकलेलं, पाय न थबकता फिरतात, वेग उतरत नाही. टॅकलच्या बाहेरून क्वार्टरबॅककडे वळताना एज रशरला नेमकं हेच लागतं. ७.०० सेकंदांच्या खाली वेळ असेल तर घोटा, गुडघा आणि कंबर वळणाला साथ देतात असं समजायला हरकत नाही.

उदाहरणं पाहा. २०१९ मध्ये ईस्टर्न मिशिगनच्या मॅक्स क्रॉस्बीने ६.८९ नोंदवली. छोट्या कॉलेजमुळे आणि हलक्या अंगकाठीमुळे तो चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर गेला आणि रेडर्ससाठी लीगमधल्या उत्तम एज रशरपैकी एक ठरला. २०१७ चा टी. जे. वॉट ६.७९ वर होता. त्याला ३० व्या क्रमांकावर घेतलं गेलं. २०११ मध्ये जे. जे. वॉटने २९० पौंडांवर ६.८८ नोंदवली, आणि त्या वजनाला ही वेळ खरोखर दुर्मीळ आहे. यांत ४० ची वेळ सगळ्यांची डोळे दिपवणारी नव्हती. वळणाची होती.

शॉर्ट शटल म्हणजे ५-१०-५: मधून ५ यार्ड एका बाजूला, मग १० यार्ड उलट दिशेला, मग ५ यार्ड परत. थ्री-कोन वळणाचा वेग सांगते, तर शटल थांबून उलट दिशेला सुटण्याची क्षमता. ही लाइनबॅकर (पुढच्या रांगेच्या मागे उभा राहणारा) आणि सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा) यांच्यासाठी जास्त कामाची, कारण त्यांना खोटी चाल ओळखून पाऊल उलटवावं लागतं. एज रशरसाठी ४.३० च्या खालची वेळ चांगली धरा.

उडीच्या दोन चाचण्या स्फोटक ताकदीसाठी आहेत. उभी उडी मांड्यांची आणि नितंबांची ताकद दाखवते. जागेवरून, धाव न घेता मारलेली लांब उडी तीच ताकद पुढच्या दिशेला दाखवते, म्हणून रेषेवरून सुटणाऱ्या खेळाडूसाठी मला लांब उडी थोडी जास्त विश्वासार्ह वाटते. गॅरेटची उभी उडी ४१ इंच आणि लांब उडी १० फूट ८ इंच होती. उभ्या उडीत गफलत कुठे होते हे लक्षात ठेवा: आधी खेळाडू उभा राहून हात वर करतो आणि ती पोच मोजली जाते. खांदा पूर्ण न ताणता पोच कमी नोंदली गेली, तर उडीत दोन-तीन इंच फुकट मिळतात. लांब उडीत ही पळवाट नाही, पण तिथे दोन्ही पायांवर स्थिर उतरावं लागतं. तोल गेला तर प्रयत्न बाद. कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा) बायरन जोन्सने २०१५ मध्ये १२ फूट ३ इंच, म्हणजे ३.७३ मीटर उडी मारली होती. बचावपटूच्या शरीरात किती ताकद साठलेली असू शकते याचं ते टोकाचं उदाहरण.

बेंच प्रेस मात्र मी सगळ्यात खाली ठेवतो. २२५ पौंड, म्हणजे साधारण १०२ किलो, किती वेळा उचलले याची ही मोजणी. ही ताकदीपेक्षा टिकून राहण्याची परीक्षा आहे, आणि हात लांब असले की बार जास्त अंतर हलवावा लागतो, त्यामुळे मोजणी कमी येते. गंमत अशी की रेषेवर लांब हातच हवे असतात. एज रशरच्या हातांची लांबी ३३ इंच किंवा त्याहून जास्त असली की तो टॅकलच्या आधी हात लावू शकतो. म्हणजे बेंचवर कमी मोजणी आणि ३४ इंची हात ही जोडी वाईट बातमी नाही. डिफेन्सिव्ह टॅकलच्या बाबतीत मोजणी अगदीच कमी असेल, तेव्हा तेवढी खूण करून ठेवा.

आकडे फसवतात कसे, याची दोन जुनी उदाहरणं कुठलाही स्काउट (संघासाठी खेळाडू पारखणारा) विसरत नाही. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या माइक ममुलाने नेमक्या या चाचण्यांसाठीच सराव केला आणि कम्बाइन गाजवलं. ईगल्सनी टॅम्पा बेशी निवडीच्या क्रमांकांचा सौदा केला आणि १२ व्या क्रमांकावरून वर येऊन त्याला ७ व्या क्रमांकावर घेतलं. तो अगदी वाईट खेळला नाही, कारकिर्दीत ३१.५ सॅक केले (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). पण त्या सौद्यात १२ वा क्रमांक मिळालेल्या टॅम्पा बेने वॉरन सॅपला घेतलं, आणि सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. आज प्रत्येक खेळाडू चाचण्यांसाठी महिनोन् महिने तयारी करतो, त्यामुळे सरावाचा फायदा सगळ्यांना मिळतो. तरी ४० च्या सुरुवातीची स्थिती शिकून पाव-अर्धा दशांश कमी करता येतो, हे ध्यानात ठेवा.

२००८ चा व्हर्नन गोलस्टन हे दुसरं उदाहरण. ओहायो स्टेटमध्ये एका मोसमात १४ सॅक, बेंचवर ३७ मोजणी, २६६ पौंडांवर ४.७ च्या आतली वेळ. जेट्सनी ६ व्या क्रमांकावर घेतलं. तीन मोसमांत त्यांच्यासाठी एकही सॅक नाही. इथे आकडे खोटे नव्हते. प्रश्न होता की डाव सुरू झाल्यावर तो खेळाडू ती ताकद वापरतो का, चाल वाचून प्रतिसाद किती लवकर देतो. चाचणी याचं उत्तर देत नाही.

उलट दिशेचा धडा टेरेल सग्सचा. अॅरिझोना स्टेटमध्ये २००२ च्या मोसमात त्याचे २४ सॅक होते. ड्राफ्टपूर्वी ४० ची वेळ ४.८ च्या आसपास आली आणि तो १० व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. रेव्हन्सनी घेतलं, पहिल्याच वर्षी १२ सॅक आणि कारकिर्दीत १३९. म्हणून माझा नियम असा: मैदानावरची कामगिरी प्रचंड असेल तर एका मंद वेळेने तिला खोडू नका. मात्र कामगिरीही साधी आणि वेळही मंद असेल, तर दोन्हींना एकत्र धरून निर्णय घ्या.

कामगिरी कमी पण शरीर विलक्षण, हा प्रकार सगळ्यात अवघड. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) डॅनिएल हंटरचे शेवटच्या कॉलेज मोसमात फक्त १.५ सॅक होते. ४० मात्र ४.५७ आणि ड्राफ्टच्या वेळी वय २०. व्हायकिंग्सनी २०१५ मध्ये ८८ व्या क्रमांकावर घेतलं आणि तो अव्वल दर्जाचा पास रशर झाला. वय इथे निर्णायक असतं. २० वर्षांच्या मुलाला तंत्र शिकायला वेळ आहे. २३-२४ वर्षांचा, शरीर चांगलं पण सॅक कमी, असा खेळाडू त्याच खात्यात टाकू नका.

२०२२ च्या ड्राफ्टचे पहिले दोन खेळाडू शेजारी ठेवले की सगळा पेच दिसतो. ट्रॅव्हन वॉकर: २७२ पौंड, ४.५१, हात ३५.५ इंच, कॉलेजच्या शेवटच्या मोसमात ६ सॅक. एडन हचिन्सन: ४.७४, थ्री-कोन ६.७३, शटल ४.१५, हात ३२ इंचांच्या थोडे वर, त्याच मोसमात १४ सॅक. जॅक्सनव्हिलने वॉकरला पहिलं घेतलं, डेट्रॉइटने हचिन्सनला. पहिल्या वर्षी हचिन्सनचे ९.५ सॅक, वॉकरचे ३.५. दुसऱ्या वर्षी ११.५ आणि १०. वळणाचा आकडा आणि कामगिरी एकत्र असेल तर फळ लवकर मिळतं. सरळ वेग आणि लांबी असेल तर वाट पाहावी लागते.

लाइनबॅकर आणि मागच्या फळीबद्दल थोडक्यात. कॉर्नरबॅकसाठी ४० खरोखर महत्त्वाची आहे, कारण रिसीव्हर पुढे निघून गेला की सरळ वेगच कामी येतो. तरीही ४.५ च्या वर वेळ असलेला रिचर्ड शर्मन ६ फूट ३ इंच उंची, लांब हात आणि चाल वाचण्याच्या जोरावर २०११ मध्ये पाचव्या फेरीतून वर आला. लाइनबॅकरमध्ये वेग असूनही जागा ठरली नाही तर काय होतं, हे आयझेया सिमन्सच्या बाबतीत दिसलं: २३८ पौंडांवर ४.३९, २०२० मध्ये ८ वा क्रमांक, आणि २०२३ मध्ये अॅरिझोनाने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं. खेळाडूला कोणत्या जागेसाठी घेताय हे आधी ठरवा आणि त्याच जागेच्या खेळाडूंशी त्याची तुलना करा.

स्वतःचा तक्ता करायचा असेल तर असा करा. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र पान. रकान्यांत वय, उंची, वजन, हातांची लांबी, १० यार्ड, ४० यार्ड, दोन्ही उड्या, थ्री-कोन, शटल. मागच्या काही वर्षांच्या खेळाडूंवरून त्या जागेची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) काढा. समजा तुमच्या पानावर थ्री-कोनची सरासरी ७.२० आणि विचलन ०.२५ आलं, तर ६.९० वाला खेळाडू सरासरीपेक्षा १.२ विचलनं चांगला. वेळेच्या चाचण्यांत कमी आकडा चांगला, उड्यांत जास्त. चिन्ह उलटवायला विसरलात तर सगळा क्रम बिघडतो, आणि ही चूक फार सहज होते. एज रशरसाठी मी १० यार्ड, थ्री-कोन आणि लांब उडीला दुप्पट भार देतो.

प्रो डेच्या, म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या कॉलेजमध्ये घेतलेल्या वेळा बहुतेक हातातल्या घड्याळाच्या असतात आणि कम्बाइनपेक्षा जलद येतात. ४० मध्ये ०.०४ ते ०.०५ वाढवूनच तक्त्यात घाला. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला चाचण्या झाल्या नाहीत, सगळ्यांचे आकडे प्रो डेचे. त्या वर्षीची यादी इतर वर्षांत थेट मिसळू नका. वजनही त्याच दिवसाचं घ्या: कम्बाइनला २६० वर तोलून प्रो डेला २५० वर धावलेला खेळाडू २६० चा म्हणून नोंदवला, तर त्याला फुकटचा फायदा मिळतो.

आणि रिकामा रकाना. खेळाडू बहुधा जी चाचणी कच्ची तीच टाळतात, म्हणून रिकाम्या जागी सरासरी भरू नका. दुखापतीचं कारण स्पष्ट असेल तर रकाना रिकामाच ठेवा. कारण नसेल आणि एज रशरने थ्री-कोन दोन्ही ठिकाणी टाळली असेल, तर सरासरीपेक्षा अर्ध्या विचलनाने वाईट, म्हणजे जास्त वेळेचा आकडा धरा. मग टेप लावा आणि त्याचे बाहेरच्या बाजूचे दहा-पंधरा डाव पाहा: वळताना आतला पाय जमिनीला धरून ठेवतो का, खांदा टॅकलच्या हाताखाली जातो का, की वळणावर तो सरळ उभा होऊन क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो.