शेवटच्या चारीपर्यंत

माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात वारी केली नाही. देवाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण पालख्या पुण्यात येतात त्या ज्येष्ठ वद्यात पाटबंधारे खात्यातल्या माणसाने सुट्टी मागायची सोय नसते. धरणं तळाला गेलेली, पाऊस तोंडावर आणि उन्हाळी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीची, भांडणं अजून मिटायची. निवृत्त झाले तेव्हा गुडघे आडवे आले. आजी मात्र दर वर्षी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात दर्शनाच्या रांगेत उभी राहायची. तिला सोडायला आजोबा जायचे आणि बाहेर रस्त्यावर पावसाचं पाणी कुठल्या जाळीतून जातंय, कुठे तुंबतंय, ते बघत थांबायचे.

ते गेल्यावर पुणे ते सासवड चालायचं मी ठरवलं होतं, ते यंदा जमलं. हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, दिवे घाटाचा, आणि बहुतेक वर्षी नेमका एकादशीचा. पुण्यातली निम्मी आयटी त्या दिवशी घाटात असते. त्यातले बरेच जण वडकीला गाडीतून उतरतात, घाट चढतात, फोटो काढतात आणि परततात. त्याला माझी हरकत नाही, पण रथामागच्या दिंड्यांतून आडवं घुसू नये एवढं तरी कुणीतरी शिकवायला हवं.

मी अशाच एका रथामागच्या दिंडीच्या कडेने चालत होते. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. शिंदे छत्रीची आरती आटोपून हडपसरच्या वाटेला लागलो तेव्हा शेजारच्या पटकेवाल्या काकांनी विचारलं, "कुठली गं माऊली?"

"पुण्याचीच."

"एकलीच?"

आजोबांसाठी चालतेय म्हटलं. इरिगेशनला इंजिनिअर होते, हेही सांगितलं. काकांनी टाळ थांबवला. "कुठल्या कालव्याला?"

"मुठा उजवा."

"आरं तिच्या! म्हंजे आमचं पानी तोडनारं!" आणि मोकळेपणाने हसले. काका इंदापूर तालुक्यातले, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाचे. खडकवासल्यातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा 202 किलोमीटर जातो आणि इंदापुरात संपतो. धरणापाशी पुणं पितं, मग हवेली, मग दौंड. उरेल ते इंदापूरला. त्यामुळे टेलच्या शेतकऱ्याला इंजिनिअर म्हटलं की काय आठवत असेल ते सांगायला नको.

हडपसर सोडताना सासवड रस्त्यावर हाच कालवा ओलांडावा लागतो. काका कठड्याशी थांबले, खाली वाकून बघितलं. "हितं बघा की कसं भरून चाललंय. आमच्याकडं पोचंस्तवर बोटभर."

आजोबा याच बोटभर पाण्यासाठी नोकरीभर भांडले. कालव्याला उतार असा किती, हजारो फुटांत एखादा फूट. वरच्या अंगाला कुणी रात्री मोटर टाकली, कुणी दार एक इंच जास्त उचललं, की खाली शेवटच्या चारीत, म्हणजे शेताला पाणी नेणाऱ्या छोट्या पाटात, नुसता चिखल. म्हणून पाळी टेलकडून सुरू करायची, आधी शेवटच्याचं भिजवायचं आणि मग एकेक दार बंद करत वर यायचं, हा त्यांचा हट्ट. नियमात ते होतंच, पण हेडचे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, बागाईतदार वजनदार असतात. एकदा आवर्तन चालू असताना वरून फोन आला, अमक्यांचं दार आधी उघडा. आजोबा म्हणाले, लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही, बदलीचा कागद मात्र आला. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. आजीने सांगितली, तीही वैतागून, कारण त्या वर्षी बाबांची दहावी होती.

आजोबा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असताना पानशेत धरण फुटलं. 12 जुलै 1961. काम पुरतं न झालेल्या मातीच्या धरणात पाणी अडवलेलं. खालच्या मोरीपाशी भराव खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून फुटणं सकाळवर गेलं आणि हजारो माणसं वाचली. दुपारपर्यंत खडकवासलाही फुटलं होतं. पुराच्या गोष्टी पुण्यात सगळेच सांगतात. आजोबा पुरानंतरचं सांगायचे. दोन्ही धरणं गेल्यामुळे एवढ्या पाण्याने धुतलेल्या गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि पेठांतले वाडे गाळ काढलेल्या आडांवर जगले. पोहरा ओढून ओढून त्यांच्या तळहाताला फोड आले होते. पुढे पानशेत पुन्हा बांधायला घेतलं, त्यावर त्यांची पहिली नोकरी.

वडकी नाल्याला विसावा. राजगिऱ्याचा लाडू, केळं, आणि काकांच्या दिंडीतल्या मावशींनी पुढे केलेली खिचडी. मग घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला आणि चढावर "ज्ञानोबा माउली तुकाराम" या गजराची लय आपोआप बदलली. इथे सगळे वर बघतात. मी कडेच्या भिंती बघत होते. ही सवय आजोबांची. आम्हाला जेजुरीला नेताना ते घाटात गाडी थांबवून भिंतीतल्या भोकांत काडी घालायचे. "भिंत माती पाडत नाही गं, मागे साठलेलं पाणी पाडतं. त्याला वाट दिली की भिंत उभी." आम्ही पोरं गाडीत उकडून निघायचो. एका वळणावर मला तसलंच एक भोक दिसलं. त्यात गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या, वर मातीचा लिंपा. मी काडीने त्या ओढून काढल्या. आतून आधी काळं पाणी आलं, मग नुसतं गढूळ. मागून येणाऱ्या एका आजींना वाटलं, झरा आहे. त्यांनी हात जोडले.

सासवडला पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. काकांनी तळावर समाजआरतीपर्यंत थांबवून घेतलं, म्हणाले, बघण्यासारखी असते. खरंच आहे. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला की सगळे टाळ एकदम बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती वाजवत राहते. मग चोपदार तिथवर चालत जातात, तक्रार ऐकतात, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. हजारो माणसं, दिवसभराचं चालणं, पोटात एकादशी, आणि सगळे एका दिंडीसाठी उभे. बदलीच्या कागदाबद्दल आजोबा कधी का बोलले नाहीत कुणास ठाऊक. त्यांना ही रीत फार आवडली असती.

त्या संध्याकाळीही पार टोकाला एका दिंडीचे टाळ चालूच राहिले. चोपदार निघाले. मी काकांना विचारलं, "काय झालं असेल?"

"टँकर आला नसंल," काका म्हणाले. "टेलच्या मानसाची दुसरी कसली तक्रार असनार?"