साक्ष आणि उलटतपासणी

सांगलीच्या कोर्टात बत्तीस वर्षं बेंच क्लार्क म्हणून काढली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ द्यायचं काम माझं. देवाची शपथ घ्यायची नसेल तर 'प्रतिज्ञेवर सांगतो' म्हणायची सोय १९६९च्या शपथ कायद्यात आहे. ती मागणारी माणसं सगळ्या नोकरीत मला तीन-चारच भेटली. त्यातला एक मी स्वतःच, भाऊबंदकीच्या दाव्यात.

माझा एक मिरजेचा मित्र आहे. ख्रिस्ती. त्याचे आजोबा मिशन हॉस्पिटलात कामाला होते. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. मित्रानं दुसरीकडं प्रयोगशाळेत थुंकी तपासण्यात जन्म घालवला. तो मला शिरस्तेदार म्हणतो. त्या पदापर्यंत मी कधी पोचलो नाही, पण त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

एकदा म्हणाला, "रविवारी चर्चमध्ये मी साक्ष देणार आहे. येतोस?" साक्ष म्हटल्यावर मी जाणारच. त्याचा मुलगा अंकली फाट्याजवळ मोटारसायकलवरून पडला होता. चार दिवस बेशुद्ध, पाचव्या दिवशी डोळे उघडले. मित्रानं ते सगळं उभ्यानं सांगितलं, मध्ये दोनदा थांबला आणि शेवटी म्हणाला, "प्रभूनं राखलं."

बाहेर चहा घेताना मी उलटतपासणी घेतली. हेल्मेट होतं का? सीटी स्कॅन कधी झाला? ऑपरेशन कुणी केलं? त्याच वॉर्डात तेव्हा आणखी किती जण होते, त्यातले किती घरी गेले, आणि जे गेले नाहीत त्यांच्या आईबापांनी प्रार्थना केली नव्हती का?

त्यानं कप कट्ट्यावर ठेवला. "तू ऐकत होतास का नोंदवून घेत होतास?"

दोन महिने फोन नाही.

माझ्या लेखी साक्ष म्हणजे खरं-खोटं करायला समोर ठेवलेलं विधान, आणि उलटतपासणी झाली नाही तर तिला वजन नाही. त्याच्याकडं साक्ष म्हणजे आपल्या माणसांत उभं राहून आभार मानणं. कुणी बारशाला 'देवाची कृपा' म्हटलं तर मी प्रसूतीचे कागद मागत नाही. इथं मागितले. 'प्रभूनं राखलं' हे विधानही आहेच, आणि त्याला पुरावा नाही, हे माझं मत आजही तसंच आहे. पण वेळ चुकली, जागा चुकली, आणि मुख्य म्हणजे त्यानं काय दिलं नि मी काय घेतलं यात फरक पडला.

उलट बाजूनंही तेच. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, आमच्या गावभागातल्या घरात पहिला मजला बुडाला, आणि आम्ही चौघं त्याच्या मिरजेच्या घरी नऊ दिवस राहिलो. त्यांच्याकडं रात्री जेवणानंतर सगळे बसून प्रार्थना करतात. मी उठून गॅलरीत जायचो. चौथ्या रात्री वहिनी मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, देवाच्या नावानं कुणीतरी तुम्हाला फार दुखावलंय, होय ना?"

मला हसू आलं, मग राग आला. कुणी दुखावलेलं नाही हो! वडील पंढरीचे वारकरी, गळ्यात माळ, स्वभावानं लोण्यासारखे. आई गेली तीसुद्धा समाधानानं. मी देव मानत नाही तो साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांची भाषणं ऐकून विचार करायला लागलो म्हणून. तेही कुणाला देव सोडा म्हणत नव्हते. १९८९ला त्यांनी सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीत रोज पूजा करणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. पुढचं पाऊल माझं मी टाकलं. पण वहिनींच्या डोक्यात नास्तिक म्हणजे बापावर रुसून घर सोडलेला पोरगा. रुसवा गेला की येईल परत. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे माझ्यात काहीतरी मोडलंय असं मला वाटायचं. त्यांच्या मनात मात्र ते जेवायला वाढण्यासारखंच होतं.

त्या नऊ दिवसांत मित्राशी बोलणं मात्र झालं. मी म्हणालो, "तुमची प्रार्थना म्हणजे नवसच की." त्याला ते फार लागलं. नवसात देवाशी सौदा असतो, आम्ही सौदा करत नाही, म्हणाला. मग मी माझी आवडती श्रद्धा-अंधश्रद्धेची मांडणी काढली, तर म्हणतो, "श्रद्धा हा तुमचा शब्द. आम्ही विश्वास म्हणतो. विश्वास माणसावर असतो. देव आहे असं मी नुसतं समजत नाही, त्याच्यावर भरवसा टाकतो."

"भरवसा मी एका पतसंस्थेवर टाकला होता," मी म्हणालो. "अजून ठेवीदारांच्या यादीत आहे."

हसला. मग कामाचं बोलला. टीबीची स्लाइड कशी करतात ते दाखवायला त्यानं चहाची बशीच पुढं ओढली. थुंकी काचेवर पसरायची, लाल रंग ओतायचा, खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, आम्लानं धुवायचं, वरून निळा. टीबीचा जंतू एकदा धरलेला लाल रंग आम्लालाही सोडत नाही. निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. "आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरच्या शंभर जागा, आम्ही फील्ड म्हणतो, त्या बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. तू किती बघितलीस, शिरस्तेदार?"

"शंभर झाली लेका. म्हणून तर निगेटिव्ह लिहिलं."

"निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे. दिसले नाहीत, एवढंच."

"मग दिसले नसताना तू पॉझिटिव्ह कसं लिहितोस?"

यावर तो बराच वेळ बशीतला चहा बोटानं फिरवत बसला. मीही मुद्दा जिंकल्यासारखा गप्प बसलो. खरं सांगायचं तर दोघांनाही पुढचं वाक्य सुचलं नव्हतं.

बोलला तो वेगळंच बोलला. शाळेत पोरं त्याला 'बाटगा' म्हणायची. मास्तरांच्या देखत. आजोबांनी कशासाठी धर्म बदलला, किती पैसे मिळाले, हे त्याला आठवीत असताना भर वर्गात विचारलं होतं. "तू 'का मानतोस' म्हणून विचारतोस ना, तेव्हा तुझा प्रश्न देवाबद्दल असतो, मला ठाऊक आहे. पण कानात दुसराच शिरतो." चाळीस वर्षांची दोस्ती, आणि हे मला त्या रात्री कळलं. त्याच्या देवाला मी हजार प्रश्न विचारले, पण तो प्रश्न कुठल्या कानानं ऐकतो याची चौकशी केली नव्हती. गावात माझ्या नास्तिकपणावर फार तर हसतात. त्याचं आडनाव ऐकल्यावर लोकांचा आवाज बदलतो.

चंगाई सभांचं, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणाऱ्या सभांचं, सांगायचं राहिलं. व्यासपीठावरून कुबड्या टाकायला लावणाऱ्या सभांविरुद्ध आम्ही पत्रक काढलं, तेव्हा हा चिडणार असं मी धरून चाललो होतो. तर त्यानंच ते वाचून दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या. टीबीचं औषध मध्येच सोडून सभेला गेलेले पेशंट त्यानं पुन्हा पॉझिटिव्ह येताना पाहिले होते. छापायच्या आधी विचारलं असतं तर चुका तरी गेल्या असत्या.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायपास झाली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर वहिनी चष्मा घरी विसरलेल्या. पुस्तक माझ्या हातात दिलं, "भाऊजी, तेरावं स्तोत्र तेवढं वाचा." मी कोर्टातल्या आवाजात वाचलं, दुसरा आवाज मला येत नाही. आशीर्वादाचं काहीतरी असेल असं वाटलं होतं. निघालं भलतंच. देवा, कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड फिरवून बसणार, असं सुरुवातीलाच चार वेळा विचारलंय. शेवटी स्वर बदलतो, पण आधी सरळ फिर्याद. हे पुस्तक म्हणजे हांजी हांजी, असं मी इतकी वर्षं न वाचताच ठरवून टाकलं होतं.

वाचून झालं. त्यानं डोळे मिटलेलेच होते. कोर्टात जबानी संपल्यावर खाली जे लिहून घेतात ते त्याला माझ्याकडून ऐकून पाठ झालेलं.

"वाचून दाखवलं," तो पुटपुटला, "बरोबर आहे. आता सही कुठं करू?"