ट्रक चालकाच्या नोकरीसाठी कव्हर लेटर लिहिताना

पत्राचा मजकूर सुरू करण्याआधी मी कागद समोर मांडले: परवाना, वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचे दाखले, जुनी अनुभवपत्रं आणि नोकरीची जाहिरात. जाहिरातीतल्या प्रत्येक अटीखाली रेघ मारली आणि ती अट माझ्याकडच्या कोणत्या कागदावरून सिद्ध होते ते बाजूला लिहिलं. जिथे कागद सापडला नाही, तिथे पत्रात मोठे शब्द वापरायचे नाहीत हे ठरवून टाकलं.

या धंद्यात अर्जातलं जवळजवळ सगळं तपासलं जातं. अमेरिकेत कंपनीला चालकाच्या संमतीने सरकारी नोंदींतून मागच्या ५ वर्षांचे अपघात आणि ३ वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या पाहता येतात. ब्रिटनमध्ये चालक स्वतः २१ दिवस चालणारा एक कोड काढून देतो आणि त्यावरून परवान्यावरचे दंडगुण मालकाला दिसतात. जिथे अशी सोय नाही तिथे जुन्या मालकाला केलेला एक फोन पुरतो.

पत्र शेवटी ज्याच्या टेबलावर जातं तो बहुधा ताफा सांभाळणारा फ्लीट मॅनेजर किंवा कोणती गाडी कुठे पाठवायची ते ठरवणारा माणूस असतो. आमची गाडी याला चालवता येईल का, विमा कंपनी याला मान्य करेल का आणि हा कधीपासून येईल, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून ‘मी कष्टाळू, प्रामाणिक आणि वेळेचा पक्का आहे’ ही ओळ मी कच्च्या मसुद्यातूनच काढली. ती प्रत्येक अर्जात असते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही.

पहिला परिच्छेद गाडीचा. तो साधारण असा उतरला (रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रेलर):

‘आपल्या जाहिरातीतील रीफर ट्रेलर चालकाच्या जागेसाठी हा अर्ज करीत आहे. माझ्याकडे जोड ट्रेलरसह जड मालवाहू वाहन चालवण्याचा वैध परवाना आहे. गेली ६ वर्षे मी ५ अ‍ॅक्सलच्या, ४० टन एकूण वजनाच्या ट्रेलरवर लांब पल्ल्याचे काम करीत असून त्यातील निम्म्या फेऱ्या रात्रीच्या असतात.’

यात ‘एकूण वजन’ हा शब्द मुद्दाम घातला. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून. मालाचं वजन वेगळं. ४० टनांच्या जोडगाडीत माल साधारण २४-२५ टनच बसतो. ‘४० टन माल वाहिला’ असं लिहिणाऱ्याला वजनाची समज नाही, असाच निष्कर्ष वाचणारा काढतो आणि तो बरोबरच आहे.

परवान्याचा वर्ग त्या त्या देशाच्या भाषेत लिहावा. युरोपात ‘सी’ म्हणजे साडेतीन टनांवरची गाडी आणि तिला ७५० किलोंहून जड ट्रेलर जोडायचा तर ‘सीई’ लागतो. अमेरिकेत ‘ए’ वर्गासाठी जोडगाडीचं एकूण वजन २६,००१ पौंड किंवा जास्त आणि ओढायचा ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असतो. परवान्यावर बंधन असेल तर तेही लिहायचं. तिथे ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली तर ‘ई’ बंधन पडतं आणि हाताच्या गिअरची व्यावसायिक गाडी चालवता येत नाही. कंपनीच्या ताफ्यात हाताच्या गिअरच्या गाड्या असतील तर हे मुलाखतीत बाहेर येण्यापेक्षा पत्रात आलेलं बरं. दोघांचाही दिवस वाचतो.

परवाना क्रमांक मात्र पत्रात घालत नाही. वर्ग आणि वैधतेची तारीख पुरे. क्रमांक आणि छायाप्रत पडताळणीच्या वेळी मागतातच. पत्र किती मेलबॉक्समधून फिरेल, कोण जाणे.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या परिच्छेदाला दिला, कारण खरी निवड तिथे होते. गाडी हाकणारे पुष्कळ मिळतात. माल सांभाळणारे कमी. जाहिरात ज्या मालाची आहे त्यातली दोन कामं उचलायची आणि ती कशी करतो हे एकेका वाक्यात सांगायचं. रीफर असेल तर: ‘माल चढवण्यापूर्वी ट्रेलर ठरलेल्या तापमानाला आणतो, दारे उघडी असताना कूलिंग युनिट बंद ठेवतो आणि चढणाऱ्या मालाचे तापमान मोजून कागदावर नोंदवतो.’ दारं उघडी ठेवून युनिट चालू राहिलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ साचतो आणि पुढे थंडाव्याची बोंब होते. हे ज्याला माहीत आहे त्याला ते वाक्य वाचताच माणूस कळतो.

टँकरच्या जागेसाठी अर्धवट भरलेल्या टाकीत ब्रेक मारताना द्रव पुढे लोटतो, त्यामुळे अंतर कसं राखतो ते लिहावं. ज्वलनशील माल असेल तर होज जोडण्याआधी अर्थिंग लावण्याची सवय सांगावी. उघड्या ट्रेलरवर पट्टे, साखळ्या आणि ताडपत्री. सुरुवातीच्या अंतरात माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. अमेरिकेच्या नियमात पहिल्या ५० मैलांच्या आत ते पुन्हा तपासायला सांगितलंय ते याचसाठी. टिपरवाल्याने सपाट जमीन, वरच्या विजेच्या तारा आणि हौदा पूर्ण खाली आल्याशिवाय गाडी न हलवणं, एवढं लिहिलं तरी चालतं. सगळे प्रकार एका पत्रात कोंबायचे नाहीत. कंटेनरच्या कंपनीला टिपरचं ज्ञान नको असतं. तिला सील क्रमांक कागदाशी ताडून पाहणारा आणि डिलिव्हरीची पोच सही-शिक्क्यासह परत आणणारा माणूस हवा असतो.

डिझेलच्या बचतीचा आकडा टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्राचा, अहवाल हाताशी असेल तरच द्यावा. नुसतं ‘चांगलं मायलेज काढतो’ म्हणण्यात अर्थ नाही. मायलेज भार, चढ आणि गाडीच्या वयावर ठरतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

अपघाताबद्दल लिहायचं की नाही, यावर माझं मत पक्कं आहे. नोंद झालेला अपघात किंवा दंड असेल तर पत्रात एक वाक्य द्यावं, दोन नाहीत. महिना आणि वर्ष, काय घडलं, तो टाळता येण्याजोगा ठरला की नाही आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं. उदाहरणार्थ: ‘मार्च २०२२ मध्ये रिव्हर्स घेताना माल चढवण्याच्या डॉकच्या खांबाला ट्रेलरचा कोपरा लागला, अपघात टाळता येण्याजोगा ठरला, तेव्हापासून अरुंद जागेत प्रत्येक रिव्हर्सपूर्वी खाली उतरून पाहतो.’ समोरच्याची चूक, रस्त्याची चूक, कंपनीची चूक असली तरी ती बाजू मुलाखतीत मांडावी. पत्रात ती तक्रारीसारखी वाटते. नोंद कोरी असेल तर कालावधीसह लिहावं: ‘मागील ५ वर्षांत नोंदलेला अपघात नाही.’ कालावधीशिवाय ‘एकही अपघात नाही’ हे वाक्य तपासता येत नाही, म्हणून त्याला वजन नाही.

दोन नोकऱ्यांमधला खंडही असाच. अमेरिकेत व्यावसायिक परवान्यावरच्या गाडीसाठी अर्ज करताना मागच्या १० वर्षांतल्या चालकाच्या नोकऱ्या मांडाव्या लागतात, म्हणून खंड लपत नाही. ‘घरातील आजारपणामुळे ८ महिने काम बंद होते, परवाना या काळात वैध होता’ इतकं पुरे. जुन्या मालकाबद्दल वाईट शब्द नको, थकलेल्या पगाराचा विषयही नको.

नवख्या चालकाने अनुभवाची जागा प्रशिक्षणाने भरावी. कोणत्या गाडीवर शिकला, सरळ रिव्हर्स आणि डॉकवर वळवून लावणं येतं का, ट्रेलर जोडताना कोणत्या क्रमाने तपासतो. किंग पिनला (ट्रेलरखालच्या जोडखुंटीला) ट्रकचा जबडा बसल्यावर पुढे हलकी ओढ देऊन पाहणं, मग एअर आणि विजेच्या जोडण्या, मग लँडिंग गिअर (ट्रेलरचे टेकू पाय) पूर्ण वर, हा क्रम ज्याने लिहिला त्याने ड्रायव्हिंग शाळेत लक्ष दिलं होतं, हे दिसतं. गोदामात काम केलं असेल किंवा फोर्कलिफ्टचा दाखला असेल तर तोही इथेच.

शेवटच्या परिच्छेदात उपलब्धता येते आणि बरेच जण इथेच घसरतात. ‘चोवीस तास, कुठेही, कितीही गाडी चालवायला तयार’ असं उत्साहाने लिहितात. सुरक्षा विभागाला हे वाक्य धोक्याचं वाटतं. युरोपात दिवसाला ९ तास चालवायची मर्यादा आहे, आठवड्यातून दोनदा १० तास चालतात आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं. अमेरिकेत १४ तासांच्या कामात ११ तास चालवता येतं. तेव्हा ‘रात्रपाळी, आठवड्यातील ४ रात्री बाहेर मुक्काम आणि शनिवारचे काम चालेल, चालवण्याच्या तासांचे नियम पाळूनच’ हे जास्त पटतं. आधीच्या जागेची नोटीस किती दिवसांची आहे तेही इथे द्यावं.

फोन नंबरसोबत वेळ लिहितो: ‘गाडी चालवताना फोन घेत नाही, संध्याकाळी ६ नंतर किंवा मेसेजवर संपर्क करावा.’ न उचललेल्या फोनमुळे अर्ज बाजूला पडतो, ते यामुळे टळतं.

सगळं मिळून एक पान, २५० ते ३०० शब्द. पीडीएफ करून फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि परवान्याचा वर्ग टाकावा. बऱ्याच कंपन्यांच्या पोर्टलवर पत्र रकान्यात चिकटवावं लागतं आणि तिथे ठळक अक्षरं, ठिपके, तक्ते सगळं विस्कटतं. म्हणून एक साधी, फक्त परिच्छेदांची प्रत वेगळी ठेवलेली बरी. पाठवण्याआधी कंपनीचं नाव एकदा बघावं, मागच्या अर्जातलं तसंच राहतं. मग पत्रातला प्रत्येक महिना आणि वर्ष बायोडाटा आणि अर्जाच्या फॉर्मशी ताडून घ्यायचं. पडताळणी करणारा तिन्ही कागद शेजारी ठेवतो आणि ‘जून’च्या जागी ‘ऑगस्ट’ दिसला की पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.