पाकिटात शिरणारी हवा

चिवडा, शेव यांची तयार पाकिटे भरणाऱ्या अनेक यंत्रांवर पाकिटाचे तोंड दाबाखालच्या हवेच्या झोताने उघडले जाते. ती हवा पाकिटाच्या आतल्या बाजूला लागते, म्हणजे ती खाद्यपदार्थाच्या थेट संपर्कातच येते. तरीही पाणी आणि कच्चा माल नेमाने तपासणाऱ्या कारखान्यांना या हवेची सूक्ष्मजैविक तपासणी बहुधा ऑडिट तोंडावर आल्यावरच आठवते.

पावसाळ्यात आपल्याकडे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही नेहमीचीच स्थिती असते. कॉम्प्रेसर साधारण आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटर करतो, तेव्हा ती पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातून सुमारे १६० ग्रॅम पाणी सुटते. हे पाणी, थोडे तेल आणि पाइपमधला गंज एकत्र आले की बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणूनच सूक्ष्मजीवांचा विचार ही हवा सुकवणाऱ्या ड्रायरपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. हवा थंड करून सुकवणारा रेफ्रिजरेशन ड्रायर दाबाखालचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, ३ अंशांच्या आसपास आणतो, तर ओलावा शोषणारा डेसिकंट ड्रायर तो उणे ४० पर्यंत नेतो आणि इतक्या कोरड्या हवेत सूक्ष्मजीवांची वाढ होत नाही. अर्थात, वाढ थांबली तरी आधीचे बीजाणू मरत नाहीत. त्यांना अडवण्यासाठी वापराच्या जागीच ०.२ मायक्रॉनचा निर्जंतुक फिल्टर लागतो.

नमुनाही तिथेच, नोझलपाशी, घ्यावा. कॉम्प्रेसर रूममध्ये घेतलेला नमुना पुढच्या नळ्यांविषयी काहीच सांगत नाही. दाबाखालच्या हवेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग असलेल्या आयएसओ ८५७३-७ मधल्या पद्धतीनुसार दाब उतरवून हवा अगारच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या जेलीच्या, प्लेटवर आदळवली जाते. उघडी प्लेट नोझलखाली धरून ‘टेस्ट झाली’ म्हणणारेही मी पाहिले आहेत, पण त्या झोताने अगार सुकतो आणि आजूबाजूची हवाही प्लेटवर ओढली जाते. शिवाय हवा न सोडलेली एक प्लेट सोबत ठेवली नाही, तर प्लेटवर उगवलेली सूक्ष्मजीवांची वसाहत (डोळ्यांना दिसणारा ठिपका) हवेतली की हाताळणीतली, हे ठरवता येत नाही.

किती वसाहती चालतील, याचे उत्तर मानकात शोधून सापडत नाही. आयएसओ ८५७३-१ मध्ये कण, पाणी आणि तेल यांचे वर्ग आहेत, सूक्ष्मजीवांचे नाहीत. ती मर्यादा कारखान्याने आपल्या पदार्थाचा धोका पाहून स्वतःच ठरवायची असते. कोरड्या शेवेला चालणारा आकडा श्रीखंडाला चालेलच असे नाही, आणि जुलैतला नमुना टाळून फेब्रुवारीत आणलेला शून्याचा अहवाल तर मी फाइलला लावण्यापलीकडे विचारात घेत नाही.